टिपणीसांची कुबडी

सदानंद टिपणीस या माणसाबद्दल चांगलं लिहायचा माझा अजिबात विचार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी कुणी माझ्याकडे ओल्या डोळ्यांनी बघू नये. या गृहस्थांनी माझी अडीच वर्षं नासवली, मला चार दिवस आमच्याच सोसायटीत खोटं लंगडायला लावलं, आणि टीव्हीवरची अंतराळातली कुठलीही गोष्ट सुखाने बघायची माझी ताकद कायमची काढून घेतली. नावात आनंद होता, आणि तोही सदा. तो त्यांनी कुठे ठेवला होता, हे मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

आम्ही तेव्हा 'ध्रुवापलीकडे' नावाची मराठी विज्ञान मालिका लिहीत होतो. हसा, आम्हीही हसायचो. बाळकुमच्या एका गोडाऊनमध्ये 'अरुंधती' नावाचं अंतराळयान उभं केलं होतं. त्याचे आपोआप सरकणारे दरवाजे दोन माणसं दोऱ्या ओढून सरकवायची. त्यातल्या एकाला शिंक आली की परग्रहावरचा राजदूत अर्ध्या दरवाजात अडकायचा. लिहिणाऱ्यांचं ऑफिस मात्र नौपाड्यात, दाताच्या दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. डोंबिवलीहून मी यायचो, कल्याणहून मृण्मयी यायची, आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर टिपणीस. लिहिलेलं प्रत्येक पान त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाळकुमला जात नसे.

टिपणीस मूळचे रेल्वेतले. कल्याण यार्डात सिग्नल सांभाळण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. फावल्या वेळात दिवाळी अंकांतून विज्ञानकथा लिहायचे, त्या वाचून आमचे निर्माते दळवी यांनी त्यांना आणलं. दळवींनी केलेली ती एकमेव साहित्यिक कृती, आणि तिचा त्यांना रोज पश्चात्ताप व्हायचा. बाकी बारीक अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. एक लाल, एक हिरवं. लाल पेन दिवसभर चालायचं. हिरव्याचं टोपण निघालेलं मी फार क्वचित पाहिलं. कुणाला 'अरे' म्हणायचे नाहीत. सगळ्यांना 'अहो', आणि जास्त चिडले की 'आपण'. त्यांच्या तोंडून 'आपण' ऐकलं की समोरच्याने जवळचा जिना गाठावा.

माझ्या पहिल्याच भागात यानावर बॉम्ब होता. नायक घामाघूम होऊन निळी वायर कापतो आणि घड्याळ एकवर थांबतं. टिपणीसांनी पान वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.

"काणे, एकवरच का?"

मी म्हटलं, उत्कंठा.

"सतरावर का नाही?"

"सतरावर कोण घाबरणार, साहेब?"

"म्हणजे तुमच्या बॉम्बला कुणी घाबरत नाही, घड्याळाला घाबरतात. मग बॉम्ब काढा. घड्याळाचं दुकान दाखवा."

असं म्हणून त्यांनी लाल पेनाने समासात एकच अक्षर लिहिलं. कु. मग उठले, कपाटामागून एक लाकडी कुबडी काढली आणि माझ्यापुढे धरली. जुन्या पद्धतीची, बगलेत धरायची, वरच्या आडव्या दांडीवर टर्किश टॉवेलचा तुकडा गुंडाळलेला. कधीकाळी सिग्नलच्या शिडीवरून पडून त्यांनी पाय मोडून घेतला होता, तेव्हाची. मला वाटलं, मारतात की काय.

मृण्मयीने खालमानेने मला नियम समजावले. ज्याच्या लिखाणात कुबडी सापडेल, म्हणजे गोष्ट स्वतःच्या पायांनी चालत नाही म्हणून कुठलीतरी झिजलेली युक्ती तिच्या बगलेत दिलेली आढळेल, त्याने ही कुबडी घ्यायची, एक पाय उचलायचा, दोन जिने उतरून कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचं आणि किटलीतून ऑफिसभर चहा आणायचा. सगळा भार कुबडीवर. एका युक्तीला एक फेरी. टिपणीस वरून खिडकीतून बघत असतात. पाय टेकला की फेरी रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

मला वाटलं गंमत आहे. टिपणीसांच्या आयुष्यात गंमत हा प्रकार नव्हता.

खालच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या पेशंटना आमचा फार त्रास झाला असणार. दुखरी दाढ धरून बसलेल्या माणसाने आठवड्यातून चार वेळा जिन्यावरून एका पायाचा माणूस उतरताना बघायचा. एका बाईंनी तर मला थांबवून विचारलं, वर नक्की कसला इलाज करतात. मी म्हटलं, लेखनाचा. त्यांनी पदर गालावर दाबला आणि त्या सरळ घरी निघून गेल्या.

आता त्या खोट्या लंगडण्याचं. आमच्या बिल्डिंगमधले लेलेकाका कसल्याशा कामाला नौपाड्यात आले होते. त्यांनी मला रस्त्याच्या पलीकडून कुबडीवर पाहिलं. हाक मारायचा त्यांना धीर झाला नाही. संध्याकाळी मी डोंबिवलीला दोन्ही पायांनी जिना चढून घरी आलो, तर दिवाणखान्यात नऊ माणसं, टीपॉयवर मोसंब्यांचा ढीग, आणि बायको रडून बसलेली. मला धडधाकट बघून कुणाला आनंद झाला म्हणता? लेलेकाकांचा चेहरा असा काही पडला की मला त्यांची दया आली. कामाला जातो म्हणून सांगतो आणि तिथे एका म्हाताऱ्याच्या हुकमावरून लंगडत चहा आणतो, हे नऊ माणसांपुढे सांगण्यापेक्षा मी आपला उजवा पाय थोडा ओढला. 'चढताना त्रास होत नाही, सपाटीवर होतो,' असं काहीतरी बोललो. मग चार दिवस सोसायटीच्या फाटकापासून घरापर्यंत लंगडलो. एके दिवशी पाय चुकला. डावा ओढला. ते लेलेकाकूंच्या लक्षात आलं.

मृण्मयीने हे ऑफिसात सांगितलं. टिपणीस हसले नाहीत. म्हणाले, "एक खोटं झाकायला दुसरं, ते झाकायला तिसरं. काणे, तुम्ही घरीसुद्धा मालिकाच लिहिता."

त्यांनी एकेका युक्तीला नाव ठेवलं होतं. काळाचं चाक मागे फिरवून झालेलं सगळं पुसून टाकायचं, याला ते 'पाटीपुसणं' म्हणायचे. ज्याच्यामुळे गोष्ट पाच मिनिटांत संपेल असा निरोप द्यायच्या वेळी नेमकं संपर्कयंत्र बंद पडतं, ते 'बीएसएनएल'. यावर मृण्मयी एकदा म्हणाली की हे अन्यायाचं आहे, तेव्हा त्यांनी नाव बदलून 'सासरचा फोन' केलं. दुसऱ्या विश्वातून नायकाचाच दुष्ट अवतार येतो, मिशी लावून, तो 'मिशीवाला'. कधी न ऐकलेलं किरण-बिरण ऐनवेळी सापडतं आणि सगळ्यांचा जीव वाचवतं, ते 'मावशी'. कारण आमच्या सगळ्यांच्या घरी अडचणीच्या वेळी अशी एक मावशी येतेच, आणि काम झालं की तिचं पुन्हा कुणी नाव काढत नाही.

"सिग्नल लाल झाला तर त्याला कारण असतं," ते म्हणायचे. "तुमच्या यानात कारण नसतं. नुसती गरज असते."

एवढ्यावरून कुणाला वाटेल की माणूस कडक पण न्यायी. थांबा. एकदा त्यांच्याच हातच्या प्रसंगात मृण्मयीला सासरचा फोन सापडला. तिने तो दाखवला, अगदी अदबीने. टिपणीसांनी पान दोनदा वाचलं, उठले, कुबडी घेतली आणि पासष्टीच्या वयात एका पायावर चहा आणला, थेंब न सांडता. सगळ्यांना दिला. नंतर आठ दिवस मृण्मयीशी एक शब्द बोलले नाहीत. ती बरोबर होती, याची ती शिक्षा.

आणि माझ्या आईचं. आईला डेंग्यू झाला, डोंबिवलीत दवाखान्यात ठेवलं होतं, प्लेटलेट्स उतरत चालल्या होत्या. मी रजा मागायला गेलो. टिपणीसांनी लाल पेन खाली न ठेवता विचारलं, "खरंच आजारी आहेत, की कथानकाची गरज?"

मी तसाच निघून गेलो. आई अकराव्या दिवशी घरी आली. मी कामावर परतलो तेव्हा टिपणीसांनी माझ्यापुढे सहा पानं सरकवली, लाल करून. आई कशी आहे हे त्यांनी विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला एकदा असं काही करीन की तो कुबडीशिवाय लंगडेल.

संधी यायला वेळ लागला. आमच्या यानावर डॉक्टर इरा म्हणून एक पात्र होतं, लोकांचं फार लाडकं. ती भूमिका करणाऱ्या नटीला दुसरीकडे रोजची मालिका मिळाली आणि ती निघाली. चॅनेलचा माणूस बैठकीला आला. म्हणाला, मारून टाका, पण बॉडी दाखवू नका. उद्या परत आणता आली पाहिजे. सायन्स फिक्शन आहे, काहीही होऊ शकतं.

"जिथे काहीही होऊ शकतं," टिपणीस म्हणाले, "तिथे काहीच होत नाही."

मग त्यांनी त्या बिचाऱ्याला अर्धा तास सिग्नल केबिन समजावलं. केबिनमध्ये ओळीने लोखंडी दांडे असतात. एक दांडा ओढून गाडीला हिरवा दिला की त्या वाटेवरचे बाकीचे सगळे दांडे आपोआप जखडले जातात. मग कुणीही येऊ दे, स्टेशनमास्तर येऊ दे, मंत्री येऊ दे, गाडी पुरती निघून जाईपर्यंत ती वाट बदलता येत नाही. तसं यंत्रच केलेलं आहे, कारण माणसाचा भरवसा नाही. "मरण असं असतं," ते म्हणाले. "वाट जखडली. तुमच्या मालिकांमध्ये माणसं मरतात आणि दांडे मोकळेच हलत असतात. म्हणून कुणाच्या मरणाने कुणाला काही होत नाही." चॅनेलच्या माणसाने घड्याळ बघितलं आणि मान्य केलं. त्या वेळी इराची त्यालाही फारशी पर्वा नव्हती.

तो एकशे बारावा भाग टिपणीसांनी स्वतः लिहिला. इरा एक झडप बंद करताना मरते. शेवटचं भाषण नाही, कुणाच्या मांडीवर डोकं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी यानावरचा स्वयंपाकी सवयीने तिचंही ताट वाढतो, बघतो, आणि उचलून ठेवतो. संपलं. मला तो भाग आवडला नव्हता असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खोटं सांगितलं.

आठवड्याभराने बाळकुमच्या सेटवरच्या वॉचमनकडे एक बाई पत्र देऊन गेल्या. सेटपासून तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भोईरबाई. तिथलंच जुनं शेतीवालं घर, आता त्या जमिनीवर टॉवर आलेत आणि बाई सातव्या मजल्यावर राहतात. वहीच्या पानावर लिहिलेलं ते पत्र टिपणीसांनी आम्हाला उभ्याने वाचून दाखवलं. बाईंची मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली होती. घरात संध्याकाळी टीव्ही लागायचा आणि प्रत्येक मालिकेत मेलेलं माणूस परत यायचं. कुणी यंत्रातून, कुणी जुळं निघायचं, कुणी म्हणे मेलंच नव्हतं. 'तवा मना वाटतं, सगल्यांची येतान, माजीच का नाय,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'रात सगली दाराकडं बगून जाते. तुमची डॉक्टरीन मेली आनि ताट उचललं, ते बगून मी पयल्यांदा नीट झोपले. तिला परत आनू नका.'

टिपणीसांनी पत्राची घडी घातली. ड्रॉवरमधून पोस्टकार्ड काढलं. त्या दिवशी मी हिरव्या पेनाचं टोपण निघालेलं पाहिलं. दोनच ओळी लिहिल्या: 'इरा परत येणार नाही. शब्द देतो.' खाली सही. हिरव्याचा अर्थ काय, ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. वाट जखडली होती.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे मी लपवत नाही.

पाच महिन्यांत त्या नटीची दुसरी मालिका बंद पडली. चॅनेलला ती परत हवी झाली. दळवींनी मला एकट्याला बाळकुमला बोलावलं, यानाच्या पायलटच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "नंदू, टिपणीसांना कळू देऊ नकोस. तूच लिही. तुला जमेल."

मला जमलं. अहो, किती जमलं म्हणून सांगू. दोन दिवसांत भाग उतरवला. आधी काळयंत्र आणलं, पाटी स्वच्छ पुसली. मग परत आलेल्या इराला काही आठवतच नाही असं केलं, म्हणजे सगळ्यांनी तिला पुन्हा सगळं सांगायचं. एवढ्यावर पोट भरेना, म्हणून शेवटच्या मिनिटाला दरवाजा सरकला, तिथे दुसरी इरा उभी. मिशी तेवढी लावता आली नाही. प्रत्येक ओळ लिहिताना मला लाल पेनाचा आवाज ऐकू येत होता आणि मी मिटक्या मारत होतो. भोईरबाई मनात आल्याच नाहीत असं नाही. आल्या. मी त्यांना म्हटलं, जरा थांबा, आधी याचं बघू द्या.

भाग लागला तो टिपणीसांनी घरी बघितला. दुसऱ्या दिवशी ते दुपारी ऑफिसात आले. एरवी दहाला यायचे. खिशात पेनं नव्हती. माझ्या टेबलापुढे उभे राहिले.

"आपण लिहिलंत?"

"हो," मी म्हटलं. "सायन्स फिक्शन आहे. काहीही होऊ शकतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी तयारीत होतो. आईचा विषय काढायचा, सगळं तोंडावर फेकायचं, वाक्यं पाठ करून ठेवली होती.

"तीन," ते म्हणाले.

कपाटामागून कुबडी काढली, छत्रीसारखी काखेत मारली आणि जिना उतरून गेले. खाली दवाखान्यात कुणीतरी उठून त्यांना जागा दिल्याचं ऐकू आलं. त्यानंतर ते आले नाहीत. मालिकेला दोन आठवडे जोर आला, मग चार महिन्यांत ती आटपली. कुणी मेलं तरी लोक 'येईल परत' म्हणून जेवायला उठायचे. यानाचे दरवाजे आता एका लग्नाच्या हॉलमध्ये आहेत.

मी सासू-सुनांकडे वळलो. तिथे कुबड्यांचं दुकानच आहे. माझं बरं चाललं. फक्त एक खोड लागली. कुठेही घड्याळ उलटं मोजायला लागलं की माझा उजवा पाय आपोआप उचलला जातो.

सहा वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, मृण्मयीचा फोन आला. टिपणीसांचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी जिना बंद केलाय, एकदा जाऊन ये. मी म्हटलं, मला बघून त्यांचं हृदय सुधारेल असं तुला कशावरून वाटतं? ती म्हणाली, "नंदू, तू जा रे. मी सांगत्येय म्हणून जा."

कल्याणच्या जुन्या भागात, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सकाळचे अकरा वाजले होते. ते पुतण्याकडे राहत, तो कामावर गेला होता. दार त्यांनीच उघडलं. अर्धे झाले होते, पण शर्ट तोच, अर्ध्या बाह्यांचा. टीव्ही आवाज बंद करून चालू होता. कुठल्यातरी यानात लाल आकडे उलटे पळत होते.

"एकवर थांबेल," ते म्हणाले. ही आमची सहा वर्षांनंतरची पहिली भेट.

एकवर थांबलं. माझा पाय उचलला गेला होता. तो त्यांनी पाहिला. मग दारामागे बोट दाखवलं. कुबडी तिथे होती. टॉवेलचा तुकडा नवीन होता.

"तीन राहिल्यात, काणे."

एक्कावन्न वर्षांच्या, साखर असलेल्या माणसाने कल्याणसारख्या ठिकाणी तीन मजले एका पायावर उतरून, किटली भरून, तीन मजले चढून यावं आणि हे तीनदा करावं, याला दुसरा कुणी असता तर नकार दिला असता. मी का दिला नाही, मला विचारू नका. पहिल्या फेरीला खालच्या टपरीवाल्याने कुबडी बघितली आणि विचारलं, "टिपणीसकाकांकडून?" मी मान हलवली. दुसऱ्या फेरीला त्याने किटली वर पोचवायची तयारी दाखवली. मी वर पाहिलं. गॅलरीच्या कठड्यावरून पांढरा शर्ट खाली वाकून माझा पाय बघत होता. मी टपरीवाल्याला नको म्हटलं.

प्रत्येक फेरीचा चहा त्यांनी घोटभर घेतला. पहिल्याला म्हणाले, पाटीपुसण्याचा. दुसऱ्याला, विसरण्याचा. तिसऱ्याला म्हणाले, मिशीवाल्याचा, आणि तो पूर्ण प्यायले. मी जमिनीवर बसलो होतो. श्वास जागेवर आल्यावर मी विचारलं, भोईरबाईंचं काय झालं.

त्यांनी मग सांगितलं. भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बाळकुमला गेले होते, ऑफिसात यायच्या आधी. सातव्या मजल्यावर. बाईंनी पाणी दिलं. यांनी सांगितलं, माझा शब्द मोडला, इराला परत आणलं, माफी मागायला आलोय. बाई ऐकत राहिल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ताट उचललं त्या दिवसापासून त्यांनी मालिका लावलीच नव्हती. त्यांच्यापुरती ती तिथेच संपली होती.

"म्हणजे तुमचा शब्द राहिला की, साहेब," मी म्हटलं. मला एकदम हलकं वाटलं. खरं सांगतो, नाचावंसं वाटलं.

"राहिला नाही. मोडलाच होता. त्यांना कळलं नव्हतं, इतकंच." त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. "ते मी जाऊन कळवलं. त्या म्हणाल्या, कशाला सांगाला आलाव? मी बरी झाले होते."

टीव्हीवर कुणीतरी कुणाला मिठी मारत होतं.

"माफी मागितली की सगळं पहिल्यासारखं होतं, असं मला वाटलं होतं," टिपणीस म्हणाले. "ती पण कुबडीच. तीन तुमच्या झाल्या. ही एक माझी."

आणि ते उठले. मी खाली ठेवलेली कुबडी स्वतःच्या बगलेत घेतली, दुसऱ्या हातात किटली घेतली आणि दाराकडे निघाले. मी आडवा आलो. डॉक्टरांनी जिना बंद केलाय, मी म्हटलं. ते म्हणाले, टपरी खाली आहे. मी म्हटलं, मग मी बरोबर येतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मागे यायचं नाही. अर्ध्या जिन्यात अचानक मदत येणं, ती मावशी झाली. आजवर किती लाल केल्या तुमच्या?"

मी दारात थांबलो. त्यांनी उजवा पाय उचलला, सगळा भार कुबडीवर टाकला आणि पहिली पायरी उतरले. पाठीवर शर्टाची मोठी घडी पडली होती. पहिलं वळण झालं तेव्हा ते दिसेनासे झाले. मग नुसता आवाज. लाकूड, थांबणं, लाकूड. मी पायऱ्या मोजत होतो. दुसऱ्या मजल्याच्या खाली कुठेतरी आवाज थांबला. मी दहापर्यंत मोजलं. पंधरापर्यंत मोजलं. चप्पल काढली, म्हणजे ऐकू जाऊ नये, आणि एक पाय खालच्या पायरीवर ठेवला.

"काणे," खालून आवाज आला, धाप लागलेला पण स्पष्ट. "पाय मागे."

मी पाय मागे घेतला. सतरापर्यंत मोजलं, आणि कुबडी पुन्हा वाजायला लागली.